डॉक्टर, कवटी आणि न घेतलेली संमती

फोंडा तालुक्यातले एक निवृत्त डॉक्टर, वय एक्क्याऐंशी. हृदय थकलेले, कंपवात वाढत चाललेला. देहदानाचा अर्ज त्यांनी काही वर्षांपूर्वीच भरून ठेवलाय. 2024च्या पावसाळ्यानंतर डिचोलीच्या एका छायाचित्रकार मुलीने त्यांचे पोर्ट्रेट काढायचे ठरवले, तेव्हा त्यांची अट एकच होती: विद्यार्थीदशेपासून आपल्याजवळ असलेली मानवी कवटी फोटोत असली पाहिजे.

हे प्रकरण त्या एका फोटोचे. तो कसा काढला, पुन्हा का काढावा लागला आणि शेवटी भिंतीवर काय लागले, हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले. मृतांच्या अवशेषांवर काम करू पाहणाऱ्या कलाकाराला आपल्याकडे विचारायला कुणी नसते. पोलीस आड येणार नाहीत ना, कुणाच्या धर्मभावना दुखावणार नाहीत ना, एवढे पाहिले की प्रश्न मिटला असे धरले जाते. माझ्या मते खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. या छायाचित्रकार मुलीच्या प्रदर्शनाची निवड आणि लेखन मी पाहत होते, त्यामुळे पहिल्या फोटोपासून मी यात आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मालिकेचा विषय होता स्वतःच्या मरणाची तयारी सुरू केलेली माणसे. पेडण्याच्या एका आजींनी आपल्याला शेवटी नेसवायची साडी निवडून पेटीत ठेवली होती. त्या ती मांडीवर घेऊन बसल्या. सत्तरीतल्या एका शेतकऱ्याने बागायतीतला एक आंबा आपल्या सरणासाठी राखून ठेवला होता. तो त्या बुंध्याला टेकून उभा राहिला. या रांगेत डॉक्टर अगदी चपखल बसत होते. इथे फक्त साडी किंवा झाड नव्हते, दुसरे माणूस होते. हे आम्हाला जरा उशिराच ध्यानात आले.

कवटीची हकीकत अशी. गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी, 1962मध्ये, डॉक्टर वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला गेले. शरीररचनेचा अभ्यास करायला तेव्हा प्रत्येक विद्यार्थी हाडांचा ‘हाफ सेट’, म्हणजे अर्ध्या सापळ्याची हाडे, घेत असे. वरच्या वर्गातला मुलगा पास झाला की खालच्याला विकत असे. डॉक्टरांनी तसाच घेतला. पुढे बाकीची हाडे त्यांनी ज्युनियरला देऊन टाकली, कवटी मात्र ठेवली. साठ वर्षे ती दवाखान्याच्या कपाटात एका लाकडी पेटीत होती. काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नींनी, ती घराचा उंबरठा कधी ओलांडू दिली नाही.

डॉक्टरांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. “मीही असाच कुणाच्या तरी टेबलावर जाणार आहे,” ते म्हणाले. “या कवटीवर मी शिकलो, माझ्यावर आणखी कुणी शिकेल. हा हिशेब फोटोत दिसू दे.” यात दिखाऊपणा नव्हता, उपकाराची जाणीव होती. गोव्यात कवटीचे चित्र परकेही नाही. जुन्या गोव्याच्या चर्चमधल्या थडग्यांच्या फरशांवर कवटी आणि हाडे कोरलेली आहेत, लोक त्यावरून चालत जातात. त्याच हिवाळ्यात, 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात, सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांच्या प्रथेप्रमाणे खुले होते आणि देशोदेशीचे लोक रांगा लावत होते. डॉक्टरांनी ते उदाहरण आमच्यासमोर ठेवलेच.

फोटोग्राफरने पहिली बैठक वेट प्लेटवर घेतली. ही 1851मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेली रीत. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून उजेड द्यायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायचे. गोव्यात हे जिकिरीचे काम आहे. कलोडियनमधला ईथर 34.6 अंशांना उकळतो. दुपार चढली की काचेवर ओततानाच थर ओढला जातो, कडेला सुरकुत्या पडतात. म्हणून पहाटे गाडीत सगळा संसार भरून ती फोंड्याला पोचायची आणि ऊन तापायच्या आत आवरायची. घर जुने, पुढच्या दालनाला शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी. त्या पातळ शिंपल्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो, सावल्यांना धार राहत नाही. या कामाला तो वरदानच, पण कमी. वेट प्लेट अतिशय मंद, उजेड सात-आठ सेकंद द्यावा लागला.

सात-आठ सेकंद कंपवाताच्या माणसाला स्थिर बसता येत नाही. मानेमागे लोखंडी टेकण लावले तरी हनुवटी थरथरत राहिली. कवटी शेजारच्या टेबलावर, चेहऱ्याच्या जरा पुढे ठेवलेली होती. प्लेट फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावात, गेली, दुधी थर विरघळला आणि खालून जे आले ते पाहून आम्ही दोघी काही बोललोच नाही. डॉक्टरांचा चेहरा धुक्यासारखा विस्कटलेला, डोळ्यांच्या जागी दोन-दोन डोळे. कवटी मात्र सुईच्या टोकासारखी रेखीव, हाडांच्या जोडांची शिवण अन् शिवण मोजून घ्यावी. त्यात कलोडियनला निळा आणि अतिनील उजेडच दिसतो, लाल-तपकिरी दिसत नाही. त्यामुळे सावळी त्वचा काळवंडते आणि हाड उजळते. जिवंत माणूस विरून चाललेला, मेलेले माणूस ठाम. संपूर्ण मालिकेत इतकी सुंदर प्लेट दुसरी झाली नाही, हे मी आजही म्हणेन.

पण त्याच प्लेटने प्रकरणाला वळण दिले.

विद्यार्थी हाडांवर शाईने खुणा करतात. स्नायू जिथून सुरू होतो तिथे लाल, जिथे जाऊन जुळतो तिथे निळी. डॉक्टरांनी एकोणिसाव्या वर्षी त्या कवटीच्या गालाच्या हाडावर आणि कानामागच्या उंचवट्यावर अशा रेषा काढल्या होत्या, शेजारी बारीक इंग्रजी अक्षरात नावे. प्लेटवर निळ्या रेषा नाहीशा झाल्या होत्या आणि लाल रेषा काळ्याभोर उमटल्या होत्या. हे अपेक्षित होते, कलोडियनचा स्वभावच तो. अपेक्षित नव्हते ते दातांवरचे काळे. वरच्या दाढांच्या खाचांत, दात आणि हिरडी जिथे मिळत असतील त्या कडेला, गडद डाग. आम्ही पेटीतून कवटी काढून खिडकीपाशी धरली. डोळ्यांना तो डाग फिकट तांबूस दिसत होता, जुन्या हाडाच्या पिवळेपणात मिसळून गेलेला. हाडे साफ करून, ब्लीच करूनही खाचांत उरलेला पान-सुपारीचा रंग. डॉक्टरांनी भिंग मागवले. बराच वेळ पाहिले. “साठ वर्षांत मला दिसलं नाही,” एवढेच म्हणाले.

त्यांचे एक जुने स्नेही न्यायवैद्यकशास्त्र शिकवत असत. डॉक्टरांनीच त्यांना बोलावून घेतले. त्यांनी कवटी हातात घेऊन भुवयांच्या जागचा कंगोरा पाहिला: जवळजवळ सपाट. कानामागचा उंचवटा लहान. डोळ्यांच्या खोबणीची वरची कड बोटाला धारदार लागणारी. अक्कलदाढा पूर्ण आलेल्या, पण झिजलेल्या नाहीत. टाळूवरच्या शिवणी अजून मोकळ्या. नुसत्या कवटीवरून लिंग आणि वय ठरवताना चूक होऊ शकते, हे त्यांनी दोनदा बजावले. तरी त्यांचे मत झाले: बहुधा स्त्री, बहुधा विशी-पंचविशीतली.

इथून पुढे फोटोतला पहिला हिशेब टिकेना. डॉक्टरांनी देहदानाच्या अर्जावर सही केली आहे. मुलगा साक्षीदार आहे. आपले शरीर कुठे जाणार, त्याचे काय होणार, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. मन बदलले तर ते उद्या अर्ज मागे घेऊ शकतात. त्या बाईला कुणी काही विचारले नव्हते. 1985मध्ये मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी येईपर्यंत भारत हा जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सापळे पुरवणारा सर्वांत मोठा देश होता आणि कोलकाता त्या व्यापाराचे मोठे केंद्र. माल कुठून यायचा? बेवारस प्रेते, ज्यांच्या घरच्यांकडे अंत्यविधीचे पैसे नव्हते अशांची प्रेते, उकरलेली थडगी. देशातल्या विद्यार्थ्यांचे हाफ सेटही याच वाटांनी येत. ही बाई नेमकी कुठल्या वाटेने मुंबईच्या हॉस्टेलात पोचली ते कळायचा मार्ग नाही. श्रीमंत घरची नव्हती, एवढे बिनदिक्कत म्हणता येईल. श्रीमंतांच्या कवट्या विकायला येत नाहीत.

कायद्याकडून इथे फारशी मदत होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 301, म्हणजे जुन्या दंडविधानातले 297, दफनभूमीत किंवा अंत्यविधीच्या जागी घुसखोरी करणे आणि मृतदेहाची विटंबना करणे याला शिक्षा सांगते. पण कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू किंवा दुखावतील याची जाणीव असावी लागते. दवाखान्याच्या कपाटातल्या कवटीचा आदराने काढलेला फोटो त्यात बसवणे कठीण. ज्यांच्या भावना दुखावल्या असत्या ते तिचे आईबाप, नवरा, मुले कुठे आहेत हेच कुणाला माहीत नाही. तक्रार करणारे कुणी उरले नाही म्हणून परवानगी मिळाली, असे मानायचे का? फोटोग्राफर सुरुवातीला म्हणत होती, हो, नाहीतर कुठलीच कला होणार नाही. मी नाही म्हणत होते. यावर आमचे चांगलेच वाजले.

तिची बाजू हलकी नव्हती. या क्षेत्रातले जे काम जगात गाजले, त्यातले बरेच संमतीविनाच झाले आहे. जोएल-पीटर विटकिनने मेक्सिकोच्या शवागारातले अवयव मांडून फोटो काढले. आंद्रेस सेरानोने 1992मध्ये शवागारातली मालिका केली, तिथे मृतांची नावे दिली नाहीत, चेहरे बहुतेक झाकले, शीर्षकात फक्त मृत्यूचे कारण लिहिले. त्या फोटोंची ताकद नाकारता येत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला जर्मनीतले छायाचित्रकार वॉल्टर शेल्स आणि पत्रकार बेआटे लाकोट्टा. त्यांनी हॉस्पिसमधल्या, म्हणजे मरणासन्नांची शुश्रूषा होते तिथल्या, माणसांशी बोलून, त्यांची संमती घेऊन, प्रत्येकाचे मरणापूर्वीचे आणि मरणानंतर लगेचचे पोर्ट्रेट शेजारीशेजारी लावले. आणि रॉबर्ट मॅपलथॉर्पचे 1988चे ते प्रसिद्ध सेल्फ पोर्ट्रेट, कवटीच्या मुठीची काठी हातात, काठी स्पष्ट, चेहरा मागे जरासा धूसर. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो एड्सने गेला. आमची प्लेट त्या फोटोच्या फार जवळ जात होती, हेही मला खटकत होते. पण मॅपलथॉर्पच्या हातातली मूठ कोरलेली होती. तिथे दुसरे कुणी नव्हते.

दुसऱ्या बैठकीला तिने वेट प्लेट बाजूला ठेवून मोठ्या फॉरमॅटची फिल्म घेतली, म्हणजे शटर पटकन मिटेल आणि थरथर धरली जाईल. कवटी एका स्टँडवर डॉक्टरांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवली. दोघे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नव्हते, म्हणून कॅमेऱ्याची मागची पाटी थोडी फिरवून दोन्ही चेहरे फोकसमध्ये आणले. विचार असा की दोघेही बसलेले, दोघेही सारखे. प्रिंट आली. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. पण बघणाऱ्याची नजर डॉक्टरांकडे जाऊन तिथेच थांबत होती आणि कवटी पुन्हा त्यांची वस्तू होत होती, दिवाणखान्यात माणसाशेजारी मांडलेल्या किमती चीजेसारखी. त्यांनी ती आणली, त्यांनी बसवली, घर त्यांचे, खिडकी त्यांची. कितीही समान उंचीवर ठेवा, यजमान कोण ते लपत नव्हते.

या टप्प्यावर मी फोटोग्राफरला जुन्या गोव्याला सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यापाशी घेऊन गेले. फोटो काढायला नव्हे, तिथल्या एका हाडाची गोष्ट सांगायला. जॉर्जियाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासच्या हुकमावरून 1624मध्ये शिराझ इथे हालहाल करून मारले. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अवशेषांचा काही भाग 1627मध्ये गोव्यात आणला आणि या मठात ठेवला. चर्च ओस पडले, 1842मध्ये छप्पर कोसळले, जागा बुजली. पुढे जुन्या पोर्तुगीज नोंदी धरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणले, हाडे सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातल्या एका हाडाच्या मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे आईकडून येणाऱ्या, डीएनएची तपासणी केली. त्याचा वंशगट निघाला यू1बी, भारतात न आढळणारा, जॉर्जियात आढळणारा. 2021च्या जुलैमध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केला. जवळपास चारशे वर्षांनी एका हाडाला नाव परत मिळाले, कारण मागे देश उभा होता, चर्च होते, लिखित नोंद होती. पान खाणाऱ्या त्या मुलीमागे यातले काहीही नाही. तिची एवढी तरी नोंद व्हायची असेल तर ती या फोटोच्या निमित्तानेच होणार, आणि म्हणून कवटी वगळून डॉक्टरांचा एकट्याचा फोटो लावणे हा माझ्या लेखी पळपुटेपणा होता. तिच्यावर शिकून, तिला पुन्हा कपाटात बंद करायचे!

तोडगा काकूंच्या एका प्रश्नातून निघाला. स्नेह्यांचे मत ऐकल्यापासून त्या गप्प होत्या. एका संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी विचारले, “ह्यांच्या फोटोखाली ह्यांचं नाव-वय लिहिणार. तिच्या खाली काय लिहिणार?”

म्हणजे तिच्या खाली काही लिहायचे तर तिचा फोटो वेगळा हवा. फोटोग्राफरने तसेच केले. त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, तितक्याच अंतरावरून, पण दोघांना वेगवेगळे बसवून. डॉक्टर रिकाम्या हातांनी बसले, तळवे मांडीवर उघडे. कवटीसाठी कापड नाही, मखमल नाही, पुस्तके नाहीत, मेणबत्ती नाही. साधी करडी भिंत आणि माणसाच्या उंचीवर एक अरुंद स्टँड. डॉक्टरांना आता गालावरच्या शाईची लाज वाटत होती. स्पिरिटचा बोळा घेऊन ते पुसायला बसले. स्नेह्यांनी हात धरला: राहू द्या, तिच्याबद्दल जेवढे म्हणून माहीत आहे त्यात हेही आले. रेषा राहिल्या. फिल्मला सगळे रंग करड्या छटांत दिसतात, त्यामुळे या वेळी लालही उमटली, निळीही.

दोन्ही प्रिंट एकाच मापाच्या. एका भिंतीवर, मध्ये माणूस उभा राहील इतकी जागा सोडून. खालचा मजकूर लिहिणे माझ्याकडे होते. डॉक्टरांच्या खाली: “निवृत्त डॉक्टर, 81. देहदानाचा अर्ज भरलेला आहे.” कवटीच्या खाली: “नाव नोंदलेले नाही. बहुधा तरुण स्त्री. पान खात असावी. 1962पासून वैद्यकीय शिक्षणासाठी वापर. संमती घेतलेली नाही.” शेवटचे वाक्य फोटोग्राफरला खुपत होते, आपणच आपल्यावर आरोप लावतोय असे तिला वाटे. मी ते काढले नाही. संमती नव्हती तर ती नव्हती असे भिंतीवर लिहिणे हे अशा कामातले किमान कर्तव्य आहे. हे एक वाक्य असते तर शवागारातल्या अनेक गाजलेल्या मालिका मी आजच्यापेक्षा वेगळ्या नजरेने पाहिल्या असत्या.

ती सुंदर वेट प्लेट प्रदर्शनात लागली नाही. मला हळहळ वाटली, फोटोग्राफरला तर फारच. पण त्या प्लेटचे सगळे सौंदर्य कवटी हलत नाही यावर उभे होते, म्हणजे त्या बाईच्या मेलेपणावर. डॉक्टरांच्या मरणाविषयी ती प्लेट खूप काही सांगते, तिच्याविषयी काहीच नाही. काच डॉक्टरांच्या घरी आहे.

कवटीचे पुढे काय करायचे यावर घरात दोन मते होती. काकूंना तिला अग्नी द्यायचा होता. पण अग्नी की माती, हे कोण सांगणार? ती कुठल्या धर्माची होती ते हाड सांगत नाही, आणि चुकीचा संस्कार करणे हा आणखी एकदा न विचारता केलेला निर्णय ठरला असता. शेवटी डॉक्टरांनी ती एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे सोपवली, स्नेह्यांच्या निरीक्षणांचा कागद सोबत जोडून, आणि रजिस्टरात नोंद करून घेऊनच परत आले. काकूंनी पेटी बंद करण्यापूर्वी तीत तुळशीचे पान ठेवले. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

विक्रीचे नियम आधी ठरवले होते. डॉक्टरांच्या प्रिंटच्या मोजक्या प्रती निघतील. कवटीची प्रिंट एकच, विकायची नाही, इंटरनेटवर टाकायची नाही. मुलाला दोन्ही फोटो इन्स्टाग्रामवर हवे होते, वडिलांनीच त्याला थांबवले. एका संग्राहकाने जोडी मागितली आणि भाव चांगला देऊ केला. फक्त डॉक्टरांचा फोटो मिळेल असे कळल्यावर त्याने दोन्ही नाकारले. तरुण कलाकाराला हा फटका लहान नसतो, आणि तिने तो सोसला याचे मला मोठे कौतुक आहे.

मालिका अजून चालू आहे. पुढच्या पोर्ट्रेटसाठी साखळीच्या एका बाईंनी नवऱ्याच्या अस्थींच्या मडक्यासह बसायची तयारी दाखवली होती, विसर्जनाला दोन दिवस उरले असताना. इथे मृताचे नाव आहे, माणसे आहेत, विचारता येते. फोटोग्राफरने कॅमेरा गाडीतून काढण्याआधी दोन्ही मुलींना फोन केला. थोरली हो म्हणाली, धाकटीने नको म्हटले. तो फोटो काढलेला नाही.